फळ्यावरची गाठ

"तर आज प्रत्येकानं आपापली एक अडचण सांगायची," मी म्हणाले आणि खडू घेऊन फळ्याशी सज्ज उभी राहिले.

तिघी बायकांनी माना खाली घातल्या. पुरुषमंडळींना एकाएकी खिडकीबाहेरचं पेरूचं झाड फार बघण्यासारखं वाटू लागलं. मला वाटलं, पहिलाच दिवस आहे, बुजले असतील. म्हणून मी आणखी जोर लावला. "त्यात लाजायचं काय? अडचण कुणाला चुकली आहे? मलाही आहे."

शेवटी मालनबाईंनाच माझी दया आली. पदर सावरत त्या हळूच म्हणाल्या, "ताई, असू द्या की. माझी तर जाऊन दोन वर्सं झाली. पर ह्या बापयमान्सांस्नी कशाला इचारताय?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. आमच्या पुण्याच्या घरात सरळ 'पाळी' म्हणत. 'अडचण' हा शब्द इकडच्या बायका कशासाठी राखून ठेवतात हे मला ऐकून माहीत होतं, पण माहीत असणं आणि वेळेला आठवणं यांचं माझ्या बाबतीत कधी जमलेलं नाही. इक्बालभाई शिंपी तोंडावर रुमाल धरून खोकले. मग सगळेच हसले, मीही हसले, आणि त्या हसण्यावरच आमचा वर्ग सुरू झाला.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. मी तेवीस वर्षांची होते, समाजकार्याची पदवी घेऊन नुकती कऱ्हाडला आले होते. मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसांसाठी एका संस्थेनं तिथं दिवसाचं केंद्र काढलं होतं. स्वतःची जागा नव्हती. सकाळी जिथं बालवाडी भरायची, तिथंच दुपारी बारा ते चार आम्ही. पन्नाशीची माणसं वीतभर उंचीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसत आणि भिंतीवर चहूबाजूंनी अ अननसाचा, ग गवताचा असा पट्टा रंगवलेला.

मला नेमलं होतं ते 'समस्या निराकरण कौशल्य प्रशिक्षणा'साठी. नाव उच्चारतानाच जीभ अडखळावी असं. पण काम खरोखर चांगलं होतं, अजूनही मी तेच करते. गोळ्यांनी भास थांबतात, झोप येते, पण आजाराची पाच-सहा वर्षं घरात काढलेल्या माणसाला एसटी चुकली तर पुढं काय करायचं हे सुचत नाही. डोकं तिथंच बसून राहतं. म्हणून पाच बोटांची रीत शिकवायची. अंगठा, म्हणजे काय नडलंय ते एका वाक्यात सांगायचं. दुसरं बोट, सुचतील तेवढे मार्ग मांडायचे. मधलं, प्रत्येकाचा फायदा-तोटा. चौथं, एक मार्ग निवडायचा. करंगळी, तो करून बघायचा.

आता 'अडचण' तर बाद झाली. 'समस्या' म्हटलं की मालनबाईंना त्यांच्या भावाच्या ट्रॅक्टरचा दिवा आठवायचा. 'दिव्यात समस्या आहे,' असं मेकॅनिक म्हणाला होता. मी इकडंतिकडं बघितलं. भिंतीवर ग दिसला.

"आपण 'गाठ' म्हणूया," मी म्हणाले. "दोऱ्याला पडते तशी. पडते आणि सोडवताही येते."

शब्द माझा होता. हे मी कुणावर ढकलू शकत नाही.

इक्बालभाईंना तो फार आवडला. दुसऱ्या दिवशी ते काळ्या दोऱ्याचं रीळच घेऊन आले. प्रत्येकानं हातभर दोरा घ्यायचा, आपल्या गाठीची एक गाठ मारायची आणि ग गवताचाच्या खाली खिळ्याला अडकवायचा. सुटली की दोरा सोडवून घरी न्यायचा. मालनबाईंनी तेवढा खिळ्याला लावला नाही. गळ्यात घातला आणि गाठ पदराआड सोडली.

"हितं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "माझी मला गावंल."

मी वहीत लिहिलं, 'समस्येची मालकी स्वीकारते.'

मालनबाई शेहेचाळीस वर्षांच्या होत्या. चौथी शिकलेल्या. आजार सुरू झाल्यावर नवऱ्यानं दुसरी केली आणि त्या मुलीला घेऊन भावाकडे आल्या. त्यांची फाईल मी कामाला लागण्यापूर्वीच वाचली होती. पोटात बेडूक आहे, तो रात्रंदिवस ओरडतो, असं त्या चार वर्षं सांगत होत्या. त्याचा त्यांना आता राग नव्हता. इक्बालभाई चेष्टा करायचे, "पाऊस पडायलाय, बेडूक काय म्हणतोय?" तर त्या म्हणायच्या, "गोळ्यांनी मेला बिचारा. तुमच्या मशिनीचं त्याल प्याला आसता तर जगला आसता."

त्यांना एकच गोष्ट हवी होती. मुलगी, सुनंदा, पहिल्या बाळंतपणाला मामाकडे येणार होती, दिवस कार्तिक संपता संपता भरत होते. भाऊ संपतराव स्वतः केंद्रात येऊन सांगून गेले होते. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "म्याडम, डॉक्टरांनी बरी हाय म्हनून चिट्टी दिली तरच तिच्या हातात बाळ दीन. न्हाईतर बाळंतपन होईस्तवर तिला आत्त्याकडं ठेवतो. जावयाचं घर हाय, मला जबाब द्यावा लागतो."

मालनबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. भाऊ गेल्यावर मला म्हणाल्या, "ताई, मला न्हाऊ घालाय येतं बाळाला. ते काय इसरत न्हाई मानूस."

चिठ्ठी गुरुवारच्या डॉक्टरांनी द्यायची. ते आठवड्यातून एकदा येत आणि दोन तासांत तीस माणसं बघत. माझ्या अहवालावर त्यांची भिस्त होती. तेव्हा मालनबाईंचं नातवंड एका अर्थी माझ्या वहीत होतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

गणपती उठल्यावर एका मंगळवारी त्यांची पाळी आली, म्हणजे गाठ मांडण्याची. त्या उठल्या, हात मागं बांधून बालवाडीतल्या पोरीसारख्या उभ्या राहिल्या.

"अंगठा," मी म्हणाले.

"माझी गाठ खरी हाय का माझ्या डोक्यातली, ते कसं वळखायचं?"

मी खडू खाली ठेवला. पुस्तकात याला 'वास्तवाची पडताळणी' म्हणतात. तीस तीस पानं असतात त्यावर, आणि ही चौथी शिकलेली बाई एका वाक्यात मोकळी झाली होती. मला इतका आनंद झाला की मी ते वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"वा, मालनबाई. आता सांगा, किती मोठी आहे गाठ?" कधी कधी मी असं विचारायची. लहान, मध्यम, मोठी, असं सांगितलं की माणसाला धीर येतो.

"आखाडात वाटान्याएवढी व्हती. आता सुपारीएवढी झालीया."

"छान," मी म्हणाले.

मी 'छान' म्हणाले. तो शब्द मला अजून ऐकू येतो, माझ्याच आवाजात, उत्साहानं भरलेला. घरात कुणी पानदान उघडलं की येतो. माझ्या सासूबाई सुपारी कातरायला बसल्या की मी काही ना काही निमित्त काढून उठायची, आणि त्या बिचाऱ्या समजत राहिल्या की सुनेला वास सोसत नाही.

"आता मार्ग," मी म्हणाले. "कुठलाही चालेल. कितीही वेडा वाटला तरी कुणी हसायचं नाही."

"वेडा म्हणायला इथं बंदी आहे ना, ताई?" इक्बालभाई म्हणाले. सगळे हसले. मग ते गंभीर झाले. "मी सांगू? अस्तरात गाठ असली तर डोळ्यानं दिसत नाही. बोटालाच लागते. पण एकट्याचं बोट फसतं. मी बायकोला सांगतो, तू हात लावून बघ. तिला लागली तर खरी."

मालनबाईंनी चटकन त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

मी फळ्यावर लिहिलं, 'विश्वासातल्या व्यक्तीशी चर्चा करणे.'

"तसं न्हाई, ताई," मालनबाई म्हणाल्या. "हात लावून बघायचं म्हनले त्ये."

"हो, अर्थ तोच. आपण जरा नीट शब्दांत लिहिलं."

त्यांनी ते नीट शब्द वाचले. ओठ हलवत, एकेक अक्षर लावून. मग खाली बसल्या.

चार वाजता सगळे गेले. त्या बाक लावत मागं राहिल्या. बाक लावायचं काम त्यांचं नव्हतं. फळा पुसताना मला त्यांचा आवाज आला. "ताई, जरा बसता का हितं? दार लावून."

सव्वाचारची साताऱ्याची गाडी होती. मैत्रिणीकडं जायचं होतं, तिच्याकडं मला बघायला कुणी येणार होतं. "आज खरंच घाई आहे हो," मी पर्स उचलली. "उद्या घेऊ. उद्या पुन्हा फळ्यावर घेऊ तुमची गाठ, अगदी निवांत."

"बरं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी खरंच घेतली. पण त्यांनी दुसरीच मांडली, रॉकेलच्या रांगेची. ती पाचही बोटांनी सोडवून दाखवली. मग रोज एकेक. एसटीची सुट्टी मोड, वहिनीचं टाकून बोलणं, गोळी घेतली की नाही ते विसरणं. सगळ्या सुटल्या. गळ्यातल्या गाठीविषयी मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तिचं चाललंय." मी अहवालात लिहिलं, 'रुग्ण प्रतीकांतून उत्तम व्यक्त होते. शारीरिक तक्रारी नाहीत. भ्रम नाहीत.' गुरुवारच्या डॉक्टरांनी वाचलं आणि मान हलवत चिठ्ठी लिहिली. मालनबाईंनी ती चार घड्या करून पदराच्या टोकाला बांधली.

कार्तिकी अमावास्येच्या आत सुनंदाला मुलगी झाली.

बारशाला मी गेले. संपतरावांनी अंगणात मांडव घातला होता आणि मला खुर्ची दिली होती. मालनबाई नवं जांभळं लुगडं नेसल्या होत्या. रोज पहाटे उठून पाणी तापवायचं, बाळाला पायांवर घ्यायचं, तेल लावायचं, शेक-शेगडी, सगळं त्या करत होत्या, आणि वहिनीच मला सांगत होती, "वन्सं नस्त्या तर माझं काय खरं न्हवतं." बाळ पाळण्यात कमी आणि त्यांच्या खांद्यावर जास्त होतं. उजव्या खांद्यावर. एक म्हातारी म्हणाली, "अगं मालन, आख्खी दुनिया पोर डाव्या अंगाला घिती. उजवा हात अडकला तर काम कशानं करशील?"

"काम कशाला, आत्तीबाई? ह्येच की काम."

मला मालनबाईंचं उत्तर आवडलं. मी जिलबी खाल्ली. बाळाला पुढं करताना त्यांचं तोंड जरासं कसनुसं झालं, तेही मी बघितलं, आणि जागरणं होत असतील असं मनाशी म्हटलं. निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. "लई उपकार झालं तुमचं," म्हणाल्या.

जानेवारीच्या शेवटी केंद्रात फोन आला. सरकारी दवाखान्यातून. "मालन शेवाळे म्हणून पेशंट आहे. जवळचं माणूस म्हणून तुमचं नाव सांगतीय."

मी पोचले तेव्हा त्या खाटेवर पाय हलवत बसल्या होत्या. अंगात दवाखान्याचा झगा. सुनंदा सव्वा महिना झाल्यावर सासरी गेली होती, आणि ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी यांनी एकटीनं एसटी धरली होती, केसपेपर काढला होता, रांगेत उभ्या राहिल्या होत्या, बाईडॉक्टर कुठं बसते ते विचारून घेतलं होतं. कुणाच्या मदतीशिवाय. माझ्या वर्गातली एकही बाई तोवर कऱ्हाड एकटीनं ओलांडून गेली नव्हती.

डॉक्टर माझ्यापेक्षा फार मोठी नसावी. तिनं मला बाहेर नेलं. डाव्या स्तनात गाठ आहे, काखेतही पसरली आहे, म्हणाली. मग विचारलं, "सहा महिन्यांपासून आहे म्हणते. इतके दिवस कुणाला बोलली कशी नाही?"

व्हरांड्याच्या भिंतीवर लसीकरणाचं पत्रक होतं, ते मी वरपासून खालपर्यंत वाचलं.

आत गेले तेव्हा मालनबाई माझीच वाट बघत होत्या. त्यांचा चेहरा असा होता की मला वाटलं, यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

"ताई," त्या म्हणाल्या, "खरी निघाली."

"मालनबाई..."

"खरी निघाली वो. बाईडाक्टरनं हात लावला, म्हनली, हाय, हितं हाय. मी म्हनलं, परत लावा. तिनं परत लावला." त्यांनी माझं मनगट धरलं. "डोक्यातली न्हवती. मी बरी हाय, ताई."

त्या पास झालेल्या मुलीसारख्या हसत होत्या आणि मी त्यांच्या खाटेच्या कडेला बसून रडत होते. त्यांनी मला रडू दिलं. काळा दोरा तपासताना कुणीतरी कापला होता, तो त्यांच्या उशीशेजारी पडला होता, गाठीसकट.

त्यानंतर त्या चौदा महिने होत्या. ऑपरेशन झालं, औषधं झाली, नात चालायला लागलेली त्यांनी बघितली. शेवटच्या महिन्यांत सुनंदा मुलीला घेऊन येऊन राहिली होती आणि संपतरावांनी मालनबाईंची खाट पाळण्याशेजारी टाकली होती. त्या काळात मी पुष्कळदा गेले. एकदाही त्यांनी मला बोल लावला नाही, आणि मीही 'माझं चुकलं' हे दोन शब्द ओठांपर्यंत आणून परत नेले. आता वर्गात कुणी काही सांगितलं की खडू उचलण्याआधी मी विचारते, "कुठं?" नवीन मुलं-मुली माझ्या हाताखाली शिकतात, ती आपसांत हसतात. म्हणतात, 'राग येतो' असं कुणी म्हटलं तरी बाई विचारतात, कुठं येतो?

पण ते नंतरचं. त्या दिवशी दवाखान्यात माझं रडणं थांबल्यावर मालनबाईंनी पिशवीतून वही काढली. केंद्रात आम्हीच वाटलेली, चाळीस पानी.

"मी घरी केलं व्हतं," त्या म्हणाल्या. "पाचीबी बोटं. तुमी तपासलंच न्हाई."

पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. अक्षर मोठं, ओळी सोडून वर चढलेलं.

'गाठ. खरी का डोक्यातली.

गुरवारच्या डाक्टरला सांगने. फायदा, मोठा डाक्टर हाय. तोटा, बेडुक म्हनतील. चिठी मिळनार न्हाई. बाळ हातात देनार न्हाईत.

वहिनीला सांगने. फायदा, घरातली हाय. तोटा, दादाला सांगल.

बाळंतपन होईस्तवर गप बसने. मग येकटीनं दवाखाना. फायदा, बाळाला न्हाऊ घालाय मिळल. तोटा, वाढल.

ताईला सांगने. फायदा, ताई हसत न्हाईत. तोटा, ताई फळ्यावर लिहित्यात.'

तिसऱ्या मार्गाभोवती गोल होता. पेन्सिल दाबून दोनदा फिरवलेला.

"बरुबर हाय का?" त्यांनी विचारलं. "लाल पेन असंल न्हवं पिशवीत?"

होतं. ते माझ्याजवळ कायम असायचं. मी वही मांडीवर घेतली आणि प्रत्येक ओळ पुन्हा वाचली, फायदा, तोटा, फायदा, तोटा. कुठं चूक सापडते का बघत होते. एकही सापडली नाही. मी खाली बरोबरची खूण केली.

त्यांनी मान वाकडी करून बघितलं. "तारीख ऱ्हायली," म्हणाल्या.

मी तारीख घातली.